तळटीप : जीवगुणांचा नियम
* जीवगुण : पात्र किती मार सोसू शकते, ते दाखवणारा आकडा. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे रंगवण्याच्या खेळामुळे तो रूढ झाला. वार बसला की फाशावर पडेल तेवढे गुण वजा. नांदेड-लातूरकडच्या पोरांना हे कबड्डीतून चटकन कळेल. तिच्या गामिनी प्रकारात बाद गडी अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. संजीवनीत समोरचा गडी बाद होताच आपला एक आत येतो. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नाही, प्रतिपक्षाला फक्त गुण मिळतो. सोप्या खेळाला संजीवनी बरी : प्रत्येकाला ६ जीवगुण, शून्यावर बाद, सोबत्याने शत्रू लोळवला की ३ गुणांनिशी परत. कच्च्या लिंबूला मात्र बाद करायचे नाही. — संपा.