पांढरीत जोडमडकी सापडली? ते गुप्तधन नव्हे, तीन हजार वर्षांपूर्वीचं लेकराचं दफन असू शकतं

घोड, भीमा, प्रवरा, गोदावरी या नद्यांच्या काठावर बऱ्याच गावांत 'पांढर' असते. पांढुरक्या, भुरभुरीत मातीचं जुनं टेकाड. खापऱ्या, राख, हाडं असं काहीबाही तिथं निघत असतं. शेत सपाट करताना किंवा माती भरताना कधी कधी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी लागतात. मग गावात दोनच गोष्टी उठतात. एक तर गुप्तधन, नाहीतर आत हाडं दिसली की नरबळी किंवा करणी. नदीकाठच्या जुन्या पांढरीत मात्र बहुतेक वेळा या दोन्हीतलं काही नसतं.

कोणाची ही दफनं?

या भागात इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते ७०० या काळात शेती करणारे लोक राहत होते. त्यांच्या संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' म्हणतात. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं. तिथं १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं होतं. त्यानंतर नेवासा, दायमाबाद (ता. श्रीरामपूर), चांडोली (जि. पुणे) आणि इनामगाव (ता. शिरूर) या ठिकाणी याच लोकांच्या वस्त्या उजेडात आल्या.

सगळ्यात बारकाईनं खोदकाम झालं ते घोड नदीकाठच्या इनामगावला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात ते केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी हे त्यातले प्रमुख अभ्यासक. शंभरावर घरं आणि दोनशेहून जास्त दफनं तिथं मिळाली. त्यातली बरीचशी दफनं लहान मुलांची होती.

पुरायची पद्धत कशी होती?

मूल गेलं की गावाबाहेर नेत नसत. राहत्या घराची जमीन उकरून खड्डा घेत, नाहीतर अंगणात घेत. हातानं घडवलेली जाडसर राखी रंगाची दोन मोठी मडकी आणत. मुलाला त्यांत ठेवून मडक्यांची तोंडं एकमेकांना जुळवत आणि ती खड्ड्यात आडवी ठेवत. सोबत तोटीचं भांडं, वाडगा अशी लहान भांडी असत. तांबड्या रंगाची, वर काळी नक्षी काढलेली. मग खड्डा बुजवून जमीन पुन्हा चोपून सारखी करत.

मोठ्या माणसाची रीत वेगळी होती. त्याला खड्ड्यात उताणं निजवत, डोकं उत्तरेला. इनामगावला बऱ्याच मोठ्या माणसांची पावलं घोट्याच्या वरून तोडलेली दिसली. मेलेल्या माणसानं घर सोडून जाऊ नये म्हणून असं करत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या लोकांना लिपी नव्हती, त्यामुळं लेखी पुरावा कुठंच नाही. मुलांना घरातच का ठेवत, याचाही अंदाजच करावा लागतो.

नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याला लागून राहिल्यामुळं तिच्या दोऱ्याचे धागेही टिकले होते. त्या काळात तांबं सहज मिळत नव्हतं. तरी घरच्यांनी ती माळ काढून घेतली नाही. लेकराला टाकून दिलं नव्हतं, मायेनं ठेवलं होतं, एवढं तरी यावरून कळतं.

हाडांवरून काय कळतं?

लहान मुलाचं वय दातांवरून बऱ्यापैकी नेमकं काढता येतं. कोणता दात आला होता, कोणता हिरडीत होता, हे पाहून. लहानपणी मोठं आजारपण किंवा उपासमार झाली तर दाताच्या वरच्या थरावर आडव्या रेघा उमटतात. गहू, जव, मसूर पिकवणाऱ्या, गुरं पाळणाऱ्या या गावांत पोरं किती जगत होती, अन्न पुरत होतं का, याचा माग अशा खुणांवरून लागतो. इनामगावच्या शेवटच्या काळात हवामान कोरडं झालं, शेती बसली, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. तेव्हाच्या माणसांवर काय बेतलं, हे सांगायला भांडी आणि हाडंच उरली आहेत.

म्हणून मडकं जागेवर असणं महत्त्वाचं. कोणत्या थरात होतं, घराच्या कोणत्या बाजूला होतं, शेजारी काय होतं, यावरूनच अर्थ लागतो. धनाच्या आशेनं फोडलं की आत मूठभर हाडं आणि माती निघते, आणि सगळी माहिती तिथंच संपते. पांढरीची माती शेतात टाकायला ट्रॉल्यांनी उचलली जाते, त्यातही अशी दफनं जातात.

सापडलं तर काय करावं?

– जेसीबी, नांगर लगेच थांबवा. मडकं उचलू नका, आत हात घालू नका.
– जवळ खोरं किंवा फूटपट्टी ठेवून जागेवरचे फोटो काढा.
– वरून हलक्या हातानं माती लोटून झाका. पोरंसोरं, कुत्री लांब ठेवा.
– तलाठी, पोलीस पाटील आणि तहसील कार्यालयाला कळवा. हाडं जुनी की नवी हे आपण ठरवू नये.
– राज्याचं पुरातत्त्व खातं किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले अभ्यासक वस्तू ओळखून देऊ शकतात.

जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुन्या पुरावस्तूंचा परवान्याशिवाय धंदा करता येत नाही. फोटो व्हॉट्सॲपवर फिरवून 'नरबळी' म्हणून कोणावर बोट दाखवलं तर निष्पाप माणूस अडकू शकतो.

आजही कितीतरी घरांत तान्ह्या मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. त्या काळची रीत आणि आजची रीत एकच, असं म्हणता येणार नाही. पण पांढरीतल्या जोडमडक्यात कोणाचं तरी लेकरू आहे, हे ध्यानात ठेवलं तर खोरं आपोआप थांबेल.