गांवच्या वंशावळी व त्यांचे लेखक

पावसाळ्यांत कृष्णेचें पाणी चढूं लागलें म्हणजे नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरांत एक प्रसंग येतो. नदीचें पाणी उत्तरेकडून आंत शिरतें, पादुकांवरून वाहतें आणि दक्षिणेकडील दारानें बाहेर पडतें. यास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, व त्या पाण्यांत स्नान करावयास दूरदूरचे भाविक जमतात. परंतु पाणी तेथेंच थांबेल असा नेम नाहीं. २००५, २०१९ आणि २०२१ या सालीं तें शिरोळ तालुक्यांतील गांवांच्या वस्तींत शिरलें व लोकांस गुराढोरांसह घरें सोडावीं लागलीं. माणसें परतलीं, पडक्या भिंती पुन्हां उभ्या राहिल्या, काळ्या जमिनींत ऊसहि पुन्हां फुटला. पण ट्रंकेंत किंवा फडताळांत ठेवलेला कागद एकदां भिजून त्याचा लगदा झाला कीं तो कांहीं पुन्हां फुटत नाहीं. आजोबांच्या हातची वंशावळ, जुनें वांटणीपत्र, शाळेचा दाखला, पाठीमागें नांवें लिहिलेलें एखादें छायाचित्र, यांस सरकारी पंचनाम्यांत रकाना नसतो.

असल्या कागदांची काळजी कोणी करावी, हा प्रश्न आम्हांस या लेखांत वाचकांपुढें मांडावयाचा आहे. राजघराण्यांची काळजी आम्हांस नाहीं; ती इतिहासानें पुरेशी वाहिली आहे. याच तालुक्यांत खिद्रापुरास कोपेश्वराचें सुंदर मंदिर आहे, व तेथें सिंघण यादवाचा शके ११३६ चा शिलालेख आहे. दान देणाऱ्या राजाचें नांव आठशें वर्षें टिकलें. त्या मंदिराच्या पायाशीं हत्तींची रांग ज्यांनीं कोरली, ते पाथरवट कोण व कुठले, हें विचारावयाची सोय नाहीं. कुरुंदवाड हें पटवर्धनांचें संस्थान. त्या घराण्याचा वृत्तान्त मूळपुरुष हरिभटांपासून पिढीवार सांगतां येतो, कारण मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांसारखा माणूस त्या दप्तरांत आयुष्यभर बसला. पण पटवर्धनांच्या घोड्यांस ज्यांनीं वैरण घातली, त्यांच्या नातवंडांस आज पणजोबांचें नांव विचारावें, तर पुष्कळांस तें आठवत नाहीं.

वंशावळ राखणें ही कला आमच्या लोकांस नवी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. कानडी मुलखास लागून असलेल्या या भागांत हेळव्यांचें नांव जुन्या माणसांस चांगलें ठाऊक आहे. बैलावर बसून गांवोगांव हिंडावें, यजमानाच्या दारीं उभें राहून त्याच्या पूर्वजांचीं नांवें क्रमानें म्हणून दाखवावीं, घरांत नवें मूल जन्मलें असल्यास तें वहींत मांडावें, आणि धान्य किंवा पैसा घेऊन पुढचें गांव गांठावें, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या तर सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्यांत यात्रेकरूनें स्वतःच्या हातानें आपलें नांव, गांव व आलेल्या मंडळींचीं नांवें लिहावयाचीं असतात. या दोहोंतहि एक उणीव आहे. ज्याच्या पदरीं हेळव्यास द्यावयास धान्य होतें त्याची वंशावळ राहिली. ज्यास काशी घडली त्याचें नांव वहींत चढलें. जो उपाध्यायाच्या पायरीपर्यंत पोंचूंच शकत नव्हता, त्याची नोंद कोठें असणार?

विसाव्या शतकांत कुलवृत्तान्त निघूं लागले. ज्यांनीं ते सिद्ध केले त्यांच्या चिकाटीस आम्ही मनापासून मान देतों. शेंकडों पत्रें पाठवावयाचीं, निम्म्यांचें उत्तर यावयाचें नाहीं, वर्गणीसाठीं दारें झिजवावयाचीं, आणि ग्रंथ हातीं पडल्यावर ‘आमच्या धाकट्याचें नांव चुकलें’ अशी तक्रार ऐकून घ्यावयाची. हें सारें पदरचे पैसे घालून! परंतु कुलवृत्तान्ताची रचना आडनांवावर असते. एकाच गल्लींत दोनशें वर्षें शेजारानें राहिलेलीं दोन घराणीं दोन निराळ्या ग्रंथांत जातात, आणि तिसऱ्या घराण्याचा ग्रंथ निघालेलाच नसतो. गांव म्हणून जें एक जीवन होतें, तें अशा रीतीनें विस्कटून जातें.

अमेरिकेंत १९९६ सालीं केंटकी संस्थानांत कांहीं हौशी मंडळींनीं याच्या उलट वाट धरली. त्या संस्थानांत १२० परगणे आहेत. एकेका परगण्यास एकेक स्वयंसेवक, त्यानें आपल्या परगण्यापुरतें एक साधें संकेतस्थळ चालवावें, आणि तेथील घराण्यांची माहिती कोणासहि विनामूल्य वाचूं द्यावी, अशी ती योजना होती. ती लवकरच साऱ्या देशभर पसरली व ‘यू-एस-जेनवेब’ या नांवानें आज ओळखली जाते. थडग्यांवरील लेख, जुनी शिरगणती, मृत्युपत्रें आणि स्थानिक माणसांचीं छोटीं चरित्रें या मंडळींनीं एकएक करून उतरवून काढलीं. त्यांत एक गोम होती. एकोणिसाव्या शतकांत तिकडे परगण्यांचे जे जाडजूड इतिहास छापले गेले, त्यांत पुष्कळदां वर्गणी भरणारांचींच चरित्रें मोठ्या थाटानें घातलेलीं असत. पैशावांचून नांव न चढण्याचा दोष केवळ आमच्या हेळव्यांच्या वहीस होता असें नाहीं, तर! स्वयंसेवकांच्या पानावर मात्र गरिबाच्या चरित्रास जागेचें भाडें पडत नाहीं.

आम्हांस या योजनेंतील घेण्यासारखी गोष्ट वाटते ती यंत्राची नव्हे. कुळाऐवजीं गांव हा घटक धरला, हीच ती गोष्ट. शिरोळ तालुक्यापुरतें पाहिलें तर मराठे, जैन, लिंगायत, मुसलमान, महार, मांग, कोष्टी, कुंभार अशा सर्वांचीं घराणीं एकाच गांवाच्या पानावर शेजारीं शेजारीं येतील, जशीं तीं प्रत्यक्षांत नांदलीं. आमच्याकडे बहुतेकांचें दहन होत असल्यामुळें थडग्यांचा आधार थोडा. पण दुसरीं साधनें पुष्कळ आहेत. तलाठ्याकडील वारस-नोंदवही आहे, फेरफाराचे उतारे आहेत, जन्ममृत्यूची जुनी नोंद आहे. करवीर संस्थानांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. तेव्हां ज्या घरांत पूर्वीं अक्षर शिरलें नव्हतें, त्या घरांतील पहिल्या मुलाचें नांव गांवच्या शाळेच्या पटावर शोधावें. तो मुलगा पुढें काय झाला, हें एका पानांत लिहिलें तरी तें आमच्या मतें एखाद्या लढाईच्या वर्णनाहून मोलाचें आहे. निमशिरगांवचे रत्नाप्पा कुंभार घटना समितीचे सभासद झाले, म्हणून त्यांचें चरित्र लिहिलें गेलें. त्यांच्या बरोबरीनें वर्गांत बसलेल्यांचें कोणीं लिहिलें नाहीं.

१९१८ सालीं त्याच छत्रपतींनीं कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. गांवचें दप्तर एका घराण्याच्या हातून सुटलें, हा त्या बदलाचा अर्थ. वंशावळीचें लेखनहि तसेंच सुटूं पाहत आहे, व तें ज्याच्या हातीं जाईल त्यास वतनहि नाहीं आणि पगारहि नाहीं, हा त्यांतला नवेपणा.

कोणी म्हणेल, ही रिकामपणाची हौस आहे. तसें म्हणणारानें १८७२ चा पुराव्याचा कायदा पाहावा. मृत माणसानें नात्याविषयीं केलेलें विधान, घराण्याच्या वंशावळींत लिहिलेलें असल्यास, न्यायालयांत ग्राह्य धरावें असें त्यांत म्हटलें होतें, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि तें तत्त्व कायम आहे. मात्र अट अशी कीं, तें विधान वाद उत्पन्न होण्यापूर्वींचें पाहिजे. ही अट आम्हांस फार मार्मिक वाटते. सप्टेंबर २०२३ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या प्रश्नाच्या गुणदोषांत आम्ही येथें शिरत नाहीं. परंतु त्या दिवसांत किती कुटुंबांनीं पणजोबांचें नांव प्रथमच विचारलें, आणि मोडी वाचणाऱ्या माणसाचा शोध किती घाईनें करावा लागला, हें सर्वांनीं पाहिलें. गरज लागल्यावर शोधलेल्या वंशावळीकडे संशयानें पाहिलें जातें. निवांतपणीं लिहून ठेवलेलीस साक्षीची योग्यता येते.

म्हणून लिहिणारानें कांहीं पथ्यें पाळलींच पाहिजेत. प्रत्येक विधान कोणत्या कागदावरून किंवा कोणाच्या तोंडून घेतलें, तें तेथेंच नमूद करावें. हयात माणसांची माहिती पानावर घालूं नये. घराण्याचा धागा एखाद्या ऋषीशीं अथवा रजपूत राण्याशीं नेऊन जोडण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा. आजोबांनीं विहीर कोणत्या सालीं खणली हें नक्की ठाऊक असणें त्याहून बरें. आणि आणखी एक. आमच्या वंशावळींत मुलीची रेघ लग्नापाशीं तुटते, व सून येते ती सासरच्या नांवानें. तिचें माहेर कोणतें, माहेरचें नांव काय, हा रकाना पहिल्याच दिवशीं आंखून ठेवावा.

संकेतस्थळ म्हणजे अमरत्व, असाहि भ्रम नको. लाखों हौशी लोकांचीं पानें ज्या ‘जिओसिटीज’वर होतीं, तें अमेरिकेंत ऑक्टोबर २००९ मध्यें बंद झालें व पानें पुसलीं गेलीं. मराठींतील आरंभींचीं कित्येक स्थळें विशिष्ट टंकांत बांधलेलीं होतीं; तो टंक जवळ नसेल तर आज तीं मोडीपेक्षांहि दुर्बोध दिसतात. यास्तव पान अगदीं साधें असावें, अक्षरें युनिकोडांत असावींत, आणि प्रत्येक गांवाचा मजकूर वर्षांतून एकदां कागदावर छापून त्याची एक प्रत शाळेंत व एक पुराच्या रेषेबाहेरील ग्रंथालयांत ठेवावी. छापील प्रतीवर गांवकऱ्यांनीं पेन्सिलीनें केलेल्या दुरुस्त्या पुढच्या खेपेस पानावर चढवाव्यात. वाडीच्या, कुरुंदवाडच्या किंवा शिरोळच्या एखाद्या शाळेंतील दोन शिक्षक व चार मुलें एवढ्या मनुष्यबळावर हें काम सुरू करतां येईल. दिवाळीच्या सुट्टींत पूर ओसरलेला असतो, घरांतील वडीलधारीं माणसें ओट्यावर उन्हास बसलेलीं असतात, आणि त्यांना विचारणारें सहसा कोणी नसतें.