पिंपल्सची गोळी, उंदीर आणि ४१२ माणसं

पिंपल्ससाठी डॉक्टर कधीकधी मिनोसायक्लिन देतात. तिचं घराणं जुनं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीने मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं ऑरिओमायसिन जगासमोर आणलं. ते टेट्रासायक्लिन घराण्यातलं पहिलं औषध. तेव्हा तिथले संशोधनप्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मिनोसायक्लिन बाजारात आलं.

हे औषध मेंदूपर्यंत पोचतं आणि दाह कमी करतं. म्हणून ते एएलएसवर वापरून पाहिलं गेलं. या आजारात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. २००२ च्या प्रयोगात आजारी उंदीर या औषधाने जास्त दिवस जगले. मग ४१२ रुग्णांवर चाचणी झाली. २००७ चा निकाल? गोळी घेणाऱ्यांची तब्येत नकली गोळीवाल्यांपेक्षा २५ टक्के जास्त वेगाने ढासळली.

मी कोड लिहितो. टेस्टिंगला पास झालेलं प्रॉडक्शनला झोपतं, हे आमचं रोजचंच. पण इथे प्रॉडक्शन म्हणजे जिवंत माणूस. नकली गोळीचा गट नसता, तर सगळा दोष आजारावर गेला असता आणि गोळी चालूच राहिली असती. म्हणून ‘उंदरांना गुण आला’ असा फॉरवर्ड आला की मी एकच विचारतो: माणसांमध्ये तुलना करून पाहिलंय का?