खारीच्या अनाथ पिल्लांचे संगोपन

खारीच्या अनाथ पिल्लांचे संगोपन म्हणजे आईपासून कायमच्या दुरावलेल्या, दूध पिणाऱ्या वयाच्या पिल्लांना ऊब, आहार व उपचार देऊन माणसाच्या देखरेखीखाली वाढवणे आणि ती स्वतंत्रपणे जगण्यास सक्षम झाल्यावर पुन्हा निसर्गात सोडणे होय. हा वन्यजीव पुनर्वसनाचा एक भाग आहे. खार माणसाळवणे किंवा पाळणे हा त्याचा उद्देश नसतो. घरट्याबाहेर सापडलेले प्रत्येक पिल्लू अनाथ असतेच असे नाही. त्यामुळे पिल्लू आईकडे परत पोहोचवण्याचा प्रयत्न प्रथम केला जातो आणि तो निष्फळ ठरल्यावरच संगोपनाचा मार्ग स्वीकारला जातो. संगोपनात दगावणाऱ्या पिल्लांपैकी अनेक पिल्ले उपेक्षेने नव्हे, तर चुकीचे दूध, अति आहार किंवा पाजण्याची घाई यांमुळे दगावतात.

पार्श्वभूमी

भारतात मानवी वस्तीजवळ प्रामुख्याने दोन जातींच्या खारी आढळतात. तीन पट्ट्यांची खार (फुनाम्बुलस पाल्मारम) मुख्यतः द्वीपकल्पीय भारतात व श्रीलंकेत आढळते. पाच पट्ट्यांची खार (फुनाम्बुलस पेन्नांटी) उत्तर व मध्य भारतात आणि कोरड्या प्रदेशांत अधिक दिसते. महाराष्ट्रात या दोन्ही जाती आहेत. पश्चिम घाटातील वनांत जंगली खारीची आणखी एक जात (फुनाम्बुलस ट्रायस्ट्रायाटस) राहते. कोकणात व गोव्यात खारीला ‘चानी’ असेही म्हणतात. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हा खारीच्याच कुळातील असला, तरी आकाराने कितीतरी मोठा आणि घनदाट वनांवर अवलंबून असतो.

मादीचा गर्भावधी जातीनुसार सुमारे पाच ते सहा आठवड्यांचा असतो. एका वेळी बहुधा दोन ते तीन पिल्ले जन्मतात. गवत, काथ्या, कापूस, चिंध्या व दोरे वापरून मादी गोलसर घरटे बांधते. झाडांच्या फांद्या व ढोल्यांप्रमाणेच कौलांखालची जागा, खिडकीची जाळी, वातानुकूलन यंत्राचा बाहेरील भाग किंवा बंद पडलेला विजेचा डबा अशा ठिकाणीही घरटी आढळतात. पिल्लांच्या संगोपनात नर भाग घेत नाही. त्यामुळे मादी मेल्यास पिल्लांना दुसरा आधार उरत नाही.

पिल्ले दुरावण्याची कारणे

पावसाळ्यापूर्वी होणारी झाडांची छाटणी, नारळाची झाडे साफ करणे, वादळी वारा आणि घरांची डागडुजी यांमुळे घरटी खाली पडतात. मांजर, कावळा व शिकारी पक्षी पिल्लांवर किंवा मादीवर हल्ला करतात. रस्त्यावरील वाहने व विजेच्या तारा यांमुळेही माद्या मरतात. घरटे पडले तरी मादी जवळपास जिवंत असण्याची शक्यता मोठी असते. छाटणीपूर्वी फांद्या तपासणे आणि घरटे आढळल्यास तेवढी फांदी काही आठवडे राखणे, हा पिल्ले अनाथ होऊ न देण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे.

आईशी पुनर्भेट

घरटे पडल्यावर मादी पिल्लांचा शोध घेते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या सुरक्षित जागी हलवते. माणसाचा हात लागलेले पिल्लू आई स्वीकारत नाही, हा समज सर्वत्र प्रचलित असला तरी निराधार आहे.

पुनर्भेटीसाठी पिल्लू आधी उबदार करून घेतात, कारण थंड पडलेले पिल्लू हालचाल करत नाही, आवाज काढत नाही आणि आईला सापडणे कठीण होते. त्यानंतर मूळ घरट्यातील साहित्यासह ते उघड्या, उथळ खोक्यात किंवा टोपलीत ठेवून खोके त्याच झाडाच्या खोडाला शक्य तितक्या उंचीवर बांधतात. खोक्याच्या तळाशी कोमट पाण्याची, कापडात गुंडाळलेली बाटली ठेवल्यास ऊब टिकते. माणसांनी दूर राहून लक्ष ठेवावे व मांजर, कुत्रे आणि कावळे यांना जवळ येऊ देऊ नये. खार दिनचर असल्यामुळे ही प्रतीक्षा उजेडातच करावी. काही तास थांबूनही मादी आली नाही किंवा संध्याकाळ झाली, तर पिल्लू आत घ्यावे आणि शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा प्रयत्न करावा.

मादी मेल्याचे स्पष्ट असेल, पिल्लाला जखम असेल, अंगावर माश्यांची अंडी किंवा मुंग्या असतील, अथवा मांजराने ते तोंडात धरले असेल, तर प्रतीक्षेत वेळ न दवडता ते उपचारासाठी न्यावे.

वयाचा अंदाज

पाजण्याचे प्रमाण, तापमान व वेळापत्रक वयावर ठरत असल्यामुळे वयाचा अंदाज महत्त्वाचा असतो. पुढील टप्पे स्थूलमानाने धरले जातात.

* पहिला आठवडा: त्वचा गुलाबी व केसविरहित, डोळे आणि कान बंद, वजन जेमतेम काही ग्रॅम.
* दुसरा आठवडा: त्वचा गडद होऊ लागते, पाठीवरील पट्टे दिसू लागतात व बारीक लव येते.
* तिसरा ते चौथा आठवडा: अंगावर दाट केस, पुढचे दात दिसतात, डोळे उघडतात.
* पाचवा ते सहावा आठवडा: चढणे, उड्या मारणे, घन अन्न कुरतडणे सुरू होते.
* आठवा ते दहावा आठवडा: दूध सुटते व शेपटी झुपकेदार होते.

प्रथमोपचार

सापडलेल्या पिल्लाला ऊब, पाणी व दूध याच क्रमाने दिले जाते. हा क्रम बदलणे धोक्याचे ठरते. लहान पिल्लाला शरीराचे तापमान राखता येत नाही. शरीर थंड असताना पचनक्रिया मंदावते व पाजलेले दूध पोटात तसेच राहून कुजते. म्हणून थंड पिल्लाला कधीही दूध पाजत नाहीत.

हवेशीर झाकणाच्या खोक्यात मऊ सुती कापड अंथरून त्याच्या अर्ध्या भागाखाली उष्णता देतात. उरलेला अर्धा भाग थंड ठेवल्यास पिल्लू गरजेनुसार सरकू शकते. केस नसलेल्या पिल्लांसाठी सुमारे ३२ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले जाते. केस आल्यावर ते हळूहळू कमी करतात. सुटे दोरे असलेले कापड किंवा फासे असलेला टॉवेल वापरत नाहीत, कारण त्यात नखे व पाय अडकतात. दिव्याची थेट उष्णता त्वचा कोरडी करते.

पिल्लू उबदार झाल्यावर शरीरातील पाण्याची कमतरता तपासतात. मानेवरची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडल्यावर ती लगेच पूर्ववत झाली नाही, तर निर्जलीकरण झाले असे समजतात. अशा वेळी पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात तयार केलेले जलसंजीवनीचे कोमट द्रावण थेंबाथेंबाने देतात. पिल्लू निपचित असेल तर तोंडावाटे काहीही न देता त्याला पशुवैद्यकाकडे नेतात.

आहार

*दूध*

गाईचे किंवा म्हशीचे दूध खारीच्या पिल्लाला योग्य नसते. खारीच्या दुधात स्निग्धांश व प्रथिने तुलनेने जास्त आणि दुग्धशर्करा कमी असते. गाईच्या दुधात सुमारे ४ टक्के स्निग्धांश असतो आणि दुग्धशर्करेचे प्रमाण त्याहून थोडे अधिक असते. अशा दुधाने पिल्लाला जुलाब होतात व निर्जलीकरणाने ते एक-दोन दिवसांतच दगावू शकते. साखर, मध किंवा पाणी मिसळल्याने हा दोष दूर होत नाही. पुनर्वसन करणारे बहुधा कुत्र्याच्या पिल्लांसाठी तयार केलेली दूध भुकटी वापरतात. आरंभी ती पातळ करून देतात व दोन-तीन दिवसांत नेहमीच्या प्रमाणावर आणतात.

*पाजण्याची पद्धत*

पाजण्यासाठी सुई काढलेली १ मिलीलिटरची सिरिंज वापरतात. लहान सिरिंजमुळे थेंबांवर नियंत्रण राहते. ड्रॉपर किंवा कापसाच्या बोळ्याने ते राहत नाही. पिल्लाला पाठीवर उताणे न झोपवता पोटावर, डोके किंचित वर राहील असे धरतात. दूध कोमट असावे व पिल्लाने ते स्वतः चाटावे किंवा ओढावे. तोंडात पिचकारीसारखे सोडू नये. दूध श्वासनलिकेत गेल्यास नाकातून बुडबुडे येतात. असे झाल्यास पाजणे थांबवून डोके खाली करतात व नाक पुसून घेतात. फुप्फुसात गेलेल्या दुधामुळे न्यूमोनिया होतो. संगोपनातील मृत्यूंचे हे एक प्रमुख कारण आहे.

एका वेळचे प्रमाण साधारणतः पिल्लाच्या वजनाच्या ५ टक्के धरतात. म्हणजे २० ग्रॅम वजनाच्या पिल्लाला एका वेळी सुमारे १ मिलीलिटर दूध पुरते. केस नसलेल्या पिल्लांना दर दोन ते तीन तासांनी, रात्रीदेखील, पाजावे लागते. डोळे उघडल्यावर हे अंतर चार तासांपर्यंत वाढवतात. रोज एकाच वेळी ग्रॅममध्ये वजन करून नोंद ठेवतात. वजन स्थिर राहणे किंवा घटणे हे आजाराचे लवकर दिसणारे लक्षण असते.

*मलमूत्र विसर्जन*

डोळे उघडेपर्यंत पिल्लांना स्वतःहून मलमूत्र विसर्जन करता येत नाही. आई ते चाटून घडवून आणते. संगोपनात प्रत्येक वेळी पाजण्याच्या आधी किंवा नंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापसाने ती जागा हलक्या हाताने पुसली जाते. हे न केल्यास पोट फुगून पिल्लू दगावू शकते. केवळ दुधाकडे लक्ष देणाऱ्या अननुभवी व्यक्तींकडून ही बाब अनेकदा राहून जाते.

*घन आहार*

पाचव्या आठवड्याच्या सुमारास दुधासोबत पेरू, जांभूळ, आंबा, उंबर यांसारखी फळे, कोवळी पाने, फुले व मोड आलेली कडधान्ये थोड्या प्रमाणात ठेवली जातात. निसर्गात खारी फळे, बिया, फुलांतील मध, कीटक व प्रसंगी पक्ष्यांची अंडीही खातात. केवळ शेंगदाणे किंवा सूर्यफुलाच्या बिया दिल्यास स्फुरद जास्त व कॅल्शियम कमी पडते. त्यामुळे हाडे ठिसूळ होऊन मागचे पाय लुळे पडतात. कृंतक गणातील प्राण्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने कुरतडण्यासाठी सालीसह फांद्या ठेवतात. बिस्किटे, पोळी, चॉकलेट व मीठ लावलेले पदार्थ वर्ज्य आहेत.

आजार व जखमा

मांजराच्या दातांतून पाश्चुरेला जातीचे जीवाणू जखमेत जातात. जखम टाचणीच्या टोकाएवढी असली किंवा दिसतही नसली, तरी संसर्ग झपाट्याने पसरतो. म्हणून मांजराने धरलेल्या पिल्लाला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तातडीने प्रतिजैविके द्यावी लागतात. जुलाब, पोट फुगणे, श्वास घेताना टकटक आवाज येणे आणि दूध नाकारणे ही इतर गंभीर लक्षणे होत. माणसांची औषधे अंदाजाने देणे घातक असते, कारण काही ग्रॅम वजनाच्या जीवाला एक थेंबही जास्त ठरू शकतो.

लहान कृंतकांत रेबीज क्वचितच आढळतो. तरीही चावा घेतल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पिल्लू हाताळण्यापूर्वी व नंतर हात धुणे दोघांच्याही हिताचे असते.

निसर्गात मुक्तता

डोळे उघडल्यानंतर पिल्लाशी संपर्क शक्य तितका कमी केला जातो. माणसाच्या खांद्यावर खेळणारी खार आकर्षक वाटते. परंतु माणसाला व घरातील मांजराला न घाबरणारी खार बाहेर फार काळ जगत नाही. एकाहून अधिक पिल्ले असल्यास ती एकत्र वाढवतात, म्हणजे ती माणसाऐवजी परस्परांशी जोडली जातात.

दूध सुटल्यावर पिल्लांना फांद्या, घरट्याची पेटी व आडोसा असलेल्या मोठ्या बाह्य पिंजऱ्यात हलवतात. तेथे ती ऊन, वारा, पक्ष्यांचे आवाज व इतर खारींच्या हाका यांना सरावतात. साधारणतः दहा ते बारा आठवड्यांच्या वयात, चपळपणे चढता येणे, अन्न शोधता येणे आणि माणसापासून पळणे ही लक्षणे दिसल्यावर पिंजऱ्याचे दार सकाळी उघडे ठेवले जाते. नंतरही काही आठवडे तेथे अन्न व पाणी ठेवतात. या पद्धतीला सौम्य मुक्तता म्हणतात. मुसळधार पावसाचे दिवस टाळले जातात. पिल्लू शक्यतो सापडलेल्या परिसरातच सोडावे. परक्या प्रदेशात सोडलेले प्राणी स्थानिक परिसंस्थेला बाधक ठरू शकतात. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात प्राणिसंग्रहालयातून बाहेर पडलेल्या भारतीय खारींची वसाहत हे त्याचे उदाहरण आहे.

कायदेशीर बाजू

भारतात वन्य प्राण्यांना पकडणे व बाळगणे यांचे नियमन वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये होते. या अधिनियमाच्या कलम ३९ नुसार शासकीय मालमत्ता ठरणारा वन्य प्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. तात्पुरता आसरा देऊन पिल्लू वन विभागाकडे किंवा मान्यताप्राप्त उपचार केंद्राकडे सोपवणे हा योग्य मार्ग होय. महाराष्ट्रात वन विभागाची मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

चिपमंकच्या संगोपनाशी तुलना

खारीच्या पाठीवरील पट्ट्यांमुळे तिला अनेकदा चिपमंक समजले जाते. चिपमंक हा खारीच्याच कुळातील वेगळा प्राणी असून त्याच्या बहुतेक जाती उत्तर अमेरिकेत, तर एक जात आशियाच्या उत्तर व पूर्व भागांत आढळते. चिपमंक जमिनीत बिळे करतो, गालांतील पिशव्यांत अन्न साठवतो आणि हिवाळ्यात दीर्घकाळ सुप्तावस्थेत जातो. भारतीय खारीला गालपिशव्या नसतात, ती झाडावर घरटे बांधते आणि वर्षभर सक्रिय असते. ऊब, पाजण्याची पद्धत व मलमूत्र विसर्जन यांबाबतचे नियम दोघांनाही सारखेच लागू पडतात. मात्र चिपमंकसाठी सांगितलेली मातीची बिळे, हिवाळ्यापूर्वीच्या अन्नसाठ्याची तयारी व मुक्ततेचा हंगाम यांविषयीच्या सूचना भारतीय खारीला गैरलागू आहेत.

लोकसंस्कृतीत

सेतुबंधनाच्या वेळी वाळूचे कण वाहून रामाला मदत करणाऱ्या खारीच्या पाठीवरून त्याने प्रेमाने बोटे फिरवली व तिच्या अंगावर पट्टे उमटले, अशी लोककथा भारतभर सांगितली जाते. ‘खारीचा वाटा’ हा मराठी वाक्प्रचार याच कथेशी जोडला जातो. या आपुलकीमुळे पडलेले पिल्लू लोक सहसा टाकून देत नाहीत, घरी आणतात. मात्र घरी आणताच पहिली वाटी गाईच्या दुधाची पुढे केली जाते. पिल्लाला आधी ऊब देणे आणि आईची वाट पाहणे ही माहिती सर्वांपर्यंत पोहोचवण्यावर पुनर्वसन करणारे भर देतात.