प्रतिप्रवाह (घरगुती पिण्याच्या पाण्यातील)

नळातून यायचे पाणी नळातूनच माघारी फिरणे आणि जाताना बादलीतले, हौदातले किंवा गटारातले पाणी ओढून पिण्याच्या वाहिनीत नेणे, याला प्रतिप्रवाह म्हणतात. पाणी वाहते ते दाबाच्या फरकाने; आत कुठले आणि बाहेर कुठले, हे पाइपाला कळत नाही. दूषणाला दोन गोष्टी पुरतात : स्वच्छ पाण्याची वाहिनी कुठेतरी घाण पाण्याला भिडलेली असणे आणि काही मिनिटांपुरता दाब उलटणे. पहिली गोष्ट वर्षानुवर्षे बिनबोभाट खपून जाते.

मुख्य वाहिनी फुटली, आग विझवण्यासाठी बंबांनी भरमसाट पाणी उपसले किंवा कुणी नळाला थेट मोटर लावली, की वाहिनीतला दाब हवेच्या दाबाखाली उतरतो आणि ती शोषू लागते. हवेचा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंच स्तंभ तोलून धरतो, म्हणजे तत्त्वतः पाणी तीन मजले चढवूनही ओढले जाऊ शकते. हे उलट शोषण. उलट दाब या दुसऱ्या प्रकारात घराच्या बाजूचा दाब वरचढ ठरतो. सोसायट्यांमधली बोअरवेल हे त्याचे नेहमीचे उदाहरण. बोअरची आणि पालिकेची वाहिनी एकत्र जोडलेली, मध्ये एक साधा व्हॉल्व्ह. पालिकेचे पाणी गेल्यावर बोअरचा पंप सुरू झाला आणि व्हॉल्व्ह उघडाच राहिला, तर बोअरचे पाणी रस्त्यावरच्या वाहिनीत जाते आणि तिथून शेजारच्या इमारतीत.

या विषयाच्या अभ्यासात वारंवार येणारी घटना १९६९ सालची, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहराची. होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघातले खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून ९७ पैकी ९० जणांना ‘अ’ प्रकारच्या विषाणूजन्य काविळीचा संसर्ग झाला. दोन सामन्यांनंतर संघाला उरलेला हंगाम रद्द करावा लागला. शोध घेता घेता तपास सरावाच्या मैदानावरल्या नळापाशी पोहोचला. त्याच वाहिनीवर मैदानाला पाणी देणारे फवारे होते आणि त्यांची तोंडे जमिनीतल्या खड्ड्यांत बसवलेली होती. जवळच्या घरातली काविळीने आजारी मुले तिथे खेळत. ऑगस्टच्या अखेरीस शहरात आग लागली, बंबांनी पाणी ओढले, दाब पडला आणि खड्ड्यांतले पाणी वाहिनीत शिरले. आग एकीकडे आणि महिन्याभराने आजार दुसरीकडे. दोहोंचा संबंध जोडणारी साथरोगतज्ज्ञांची चिकाटी दाद देण्यासारखी होती.

त्याआधी १९३३ मध्ये, जागतिक प्रदर्शनाच्या गर्दीत, शिकागोतल्या दोन हॉटेलांमधून अमीबाजन्य आमांश पसरला. सदोष नळकाम हे त्याचे कारण ठरले. ९८ जण दगावले. फिनलंडच्या नोकिया गावात २८ नोव्हेंबर २००७ रोजी सांडपाणी प्रकल्पातला एक व्हॉल्व्ह उघडला गेला आणि प्रक्रिया केलेले सुमारे ४५० घनमीटर सांडपाणी पिण्याच्या जाळ्यात गेले. हजारो लोक आजारी पडले. पाणीपुरवठ्याची शिस्त कडक असलेल्या देशातली ही गोष्ट, हे ध्यानात ठेवावे.

तिथे हा अपघात मानला जातो. जिथे दिवसातून तास-दोन तास पाणी येते, तिथे मात्र दाब रोजच पडतो, हा फरक मोठा आहे. पाणी गेले की रिकाम्या होणाऱ्या वाहिन्या सैल सांध्यांतून आणि गंजलेल्या जीआय पाइपाच्या भोकांतून भोवतालचे पाणी आत घेतात. कित्येक वस्त्यांत तर नळजोडण्या उघड्या गटारातूनच गेलेल्या दिसतात. हुबळी-धारवाडमध्ये झालेल्या तुलनात्मक अभ्यासात ठरावीक वेळी पाणी येणाऱ्या भागातले नळ चोवीस तास पुरवठा असलेल्या नळांपेक्षा अधिक वेळा दूषित आढळले. कराडजवळच्या मलकापूरची चोवीस तास पाण्याची योजना सोयीसाठी नावाजली जाते. वाहिनी सतत दाबाखाली राहते, हा तिचा आरोग्यविषयक फायदा क्वचितच सांगितला जातो.

प्रतिबंधाचा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे हवेचे अंतर. नळाचे तोंड भांड्याच्या किंवा टाकीच्या काठापेक्षा वर, साधारणतः पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट आणि किमान २५ मिलिमीटर अंतरावर असावे. या उपायात बिघडण्यासारखे काहीच नसते. पिंपात बुडवून ठेवलेली नळी, औषध फवारणीच्या पंपात घातलेली नळी आणि कमोडमध्ये लोंबणारा जेट स्प्रे हे अंतर क्षणात नाहीसे करतात. टाकीतही बॉल कॉक ओव्हरफ्लोच्या पाइपापेक्षा वर हवा. पालिकेच्या नळाला मोटर न लावता पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत वरून पडू द्यावे आणि तिथून गच्चीवर चढवावे.

प्लंबर बहुधा एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, सुचवतात. तो उपयोगी खरा, पण झडपेखाली वाळूचा कण किंवा क्षार अडकला की ती नीट मिटत नाही, आणि बाहेरून काही दिसतही नाही. बागेच्या नळावर निर्वातभंजक बसवला, तर शोषण सुरू होताच तो हवा आत घेतो. रुग्णालये, प्रयोगशाळा, कारखाने यांना दोन झडपांमध्ये कमी दाबाचा कप्पा असलेले यंत्र लागते. झडप गळू लागली की त्या कप्प्यातले पाणी बाहेर सांडते आणि बिघाड उघड होतो. ब्रिटनच्या १९९९ च्या नियमांत पाण्याचे धोक्यानुसार पाच वर्ग केले असून शौचालयाचे पाणी पाचव्या, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या वर्गात मोडते.

दूषण नुसत्या डोळ्यांनी नेहमी ओळखता येत नाही. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शेष क्लोरीन असावा लागतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक त्यासाठी ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी घेतात : थेंब टाकताच पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन आहे. गल्लीतल्या इतर नळांना पिवळा रंग येतो आणि एकाच घरी येत नाही, तेव्हा त्या घराच्या जोडणीपासून तपास सुरू करावा. दूषण आढळल्यास जोडणी बंद करून टाकी रिकामी करणे, घासणे, टीसीएल (ब्लीचिंग) पावडरच्या द्रावणाने निर्जंतुक करणे आणि सर्व नळ वाहते सोडून वाहिन्या धुऊन काढणे, हा क्रम पाळतात. तोवर पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. रसायन शिरल्याची शंका असेल, तर मात्र उकळण्याचा उपयोग नाही.