'मायदेशी परतले' की घरातून उठवले? युद्धोत्तर पोलिश विस्थापनाचे नामकरण

दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडचा नकाशा पश्चिमेकडे सरकला. ल्वूव आणि विल्नो ही शहरे, म्हणजे आजचे युक्रेनमधील ल्विव्ह आणि लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस, सोव्हिएत संघात गेली. १९४४ ते १९४८ या काळात सोव्हिएत संघातून सुमारे १५ लाख माणसे नव्या पोलंडमध्ये आली; त्यांत पोलिश ज्यूही होते. या घटनेला कोणते नाव द्यावे, यावर पोलंडमध्ये आजही एकमत नाही.

९ सप्टेंबर १९४४ रोजी सोव्हिएत पाठबळावर उभ्या असलेल्या पोलिश राष्ट्रीय मुक्ती समितीने युक्रेन व बेलारूस या सोव्हिएत प्रजासत्ताकांशी करार केले. २२ सप्टेंबरला लिथुआनियाशी करार झाला. या करारांतील शब्द होता 'इव्हॅक्युएशन', आणि ते ऐच्छिक असल्याचेही त्यांत नमूद होते. पुढच्याच महिन्यात या कामासाठी पोलंडमध्ये जे सरकारी कार्यालय स्थापन झाले, त्याच्या नावात मात्र 'रिपॅट्रिएशन' हा शब्द आला. त्याचा अर्थ मायदेशी परत आणणे.

वादाचे मूळ या शब्दात आहे. ज्या कुटुंबाच्या कित्येक पिढ्या ल्वूवमध्ये गेल्या, ते जर्मनीकडून मिळालेल्या ब्रेस्लाऊमध्ये, म्हणजे आजच्या व्रोत्स्वाफमध्ये, 'परत' कसे येणार? त्यांनी ते शहर पूर्वी पाहिलेलेही नव्हते. तेथील घरांत जर्मन कुटुंबांची भांडी अजून फळीवर असत, कधी कधी ती कुटुंबेही हुसकावले जाण्याची वाट पाहत त्याच घरात राहत असत. ल्वूवच्या प्रसिद्ध ओसोलिन्स्की ग्रंथसंग्रहाचा एक भागही याच शहरात आणला गेला. साम्यवादी राजवटीला मात्र हा शब्द दुहेरी सोयीचा होता. पूर्वेकडील भूमी गमावल्याचा उच्चार त्यामुळे टळे, आणि पश्चिमेकडील प्रदेशाला 'पुनःप्राप्त भूमी' म्हणण्याशी तो जुळे.

मग 'हकालपट्टी' म्हणावे काय? येथे थोडे थांबावे लागते, कारण प्रत्येक प्रदेशाची कथा निराळी आहे. व्होल्हिनियात १९४३ पासून युक्रेनियन सशस्त्र गटांनी हजारो पोलिश ग्रामस्थांची कत्तल केली होती. तेथील अनेकांनी कराराआधीच जीव वाचवण्यासाठी गाव सोडले. ल्वूवमधील पोलिश नागरिक शांतता परिषदेची आशा धरून शहराला चिकटून राहिले, तेव्हा १९४५ च्या आरंभी तेथे मोठ्या प्रमाणावर अटकसत्र झाले. बेलारूसमध्ये चित्र जवळजवळ उलटे होते. तेथील प्रशासनाला शेतकरी हातचे जाऊ द्यायचे नव्हते, आणि नोंदणी करूनही कित्येकांना निघता आले नाही. जो जाऊ पाहतो त्याला अडवले जाते, ही हकालपट्टी नव्हे. पण जाणे आणि राहणे यांतील निवड येथे मोकळी होती, असेही म्हणवत नाही. घर राखायचे तर सोव्हिएत नागरिकत्व पत्करावे लागे.

१९८९ नंतर काही पोलिश इतिहासकारांनी 'एक्सपॅट्रिएशन', म्हणजे मायभूमीबाहेर काढणे, हा शब्द पुढे केला. 'हकालपट्टी'बद्दलचा त्यांचा संकोच समजण्याजोगा आहे. युद्धोत्तर जर्मन राजकारणात हा शब्द पोलंड व चेकोस्लोव्हाकियातून घालवलेल्या जर्मनांशी घट्ट जोडला गेला. तोच वापरला तर युद्ध कोणी सुरू केले, हा प्रश्न मागे पडेल, अशी भीती पोलंडमध्ये आहे.

शब्दांचा हा वाद न्यायालयापर्यंतही पोहोचतो. १९४४ च्या करारांनुसार मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई पोलंडने द्यायची होती. ती दशकानुदशके रखडली. २२ जून २००४ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 'ब्रोनिओव्स्की विरुद्ध पोलंड' या खटल्यात राज्याला दोषी ठरवले. त्या वेळी अशा दावेदारांची संख्या सुमारे ८० हजार होती. २००५ च्या कायद्याने मूल्याच्या २० टक्के भरपाई मान्य केली. 'परतलेल्या' माणसाला भरपाई कशाची द्यायची, असा प्रश्न कोणी विचारला असता तर त्याचे उत्तर सरकारी शब्दकोशात नव्हते.

माझ्या मते मराठीत 'सक्तीचे विस्थापन' हा व्यापक शब्द वापरावा, आणि प्रत्येक ठिकाणी सक्ती कोणती होती, हे वाक्यातच सांगावे. 'रिपॅट्रिएशन' अवतरणचिन्हांतच शोभतो.

कोल्हापूरजवळच्या वळीवडे छावणीचा उल्लेख येथे जपून करायला हवा, कारण आपल्याकडे या दोन घटनांची सर्रास गल्लत होते. १९४३ पासून तेथे राहिलेले सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित युद्धानंतर उठवलेले नव्हते. त्यांतील बहुतेकांना सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून सायबेरिया व कझाकस्तानकडे नेले होते. त्यासाठी 'हद्दपारी' हाच शब्द योग्य. युद्ध संपल्यावर त्यांनाही मायदेशी परतण्याचा मार्ग दाखवला गेला, पण त्यांची गावे आता सोव्हिएत संघात होती. काही जण पोलंडला गेले; अनेकांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांची वाट धरली. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली, आणि त्याच जागी फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबे वसली. त्या वस्तीला आज गांधीनगर म्हणतात.