पणजोबांचं घड्याळ विकण्याआधी : वस्तू 'साधन' म्हणून कशी वाचायची?

संशोधनाची तयारी करताना 'साधनांची चिकित्सा' आपण सगळेच पाठ करतो. बाह्य चिकित्सा, अंतर्गत चिकित्सा, दोन उदाहरणं, झालं उत्तर. ती प्रत्यक्षात कशी करायची हे मला एका मनगटी घड्याळाने शिकवलं. त्यात मामाचे थोडे पैसेही गेले.

घड्याळ माझ्या पणजोबांचं, म्हणजे आईच्या आजोबांचं. ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीच्या आघाडीवर होते आणि 1945 मध्ये घरी परतले तेव्हा हे घड्याळ हातावर होतं, असं घरात सगळे सांगतात. मामाला ते विकायचं होतं. त्याचा प्रश्न एवढाच होता : "जाहिरातीत 'दुसऱ्या महायुद्धातलं लष्करी घड्याळ' असं लिहू ना?" तसं लिहिलं की किंमत वाढते, हे उघड आहे.

नाव आणि खुणा

तबकडीवर 'वेस्ट एंड वॉच कंपनी' आणि 'सोवार प्रिमा' अशी नावं आहेत. ही कंपनी 1880 च्या दशकात मुंबईत सुरू झाली. घड्याळं स्वित्झर्लंडमध्ये बनायची आणि इकडे विकली जायची. 'सोवार' म्हणजे आपला स्वार, घोडदळातला शिपाई. पण नाव फौजी आहे म्हणून घड्याळ फौजी ठरत नाही. ही घड्याळं साध्या नागरिकांनीही भरपूर घेतली.

ब्रिटिश सरकारी मालावर बाणाच्या टोकासारखी खूण असायची. आमच्या घड्याळाच्या झाकणावर ती नाही, सैन्याचा क्रमांकही नाही. म्हणजे ते सैन्याने दिलेलं असावं असं म्हणायला आधार नाही. पण एवढ्यावरून 'सैनिकाने ते वापरलंच नाही' असंही म्हणता येत नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेलं घड्याळ कुणीही घालू शकतो. पुराव्याचा अभाव नेमकं काय सिद्ध करतो आणि काय नाही, हे इथे नीट बघा.

आधी नाही, नंतर नाही

मग ओळखीच्या घड्याळवाल्या काकांनी झाकण उघडलं. आतल्या मशीनवर कंपनीचं तेच नाव आहे आणि धक्क्यापासून संरक्षण देणारी 'इन्काब्लॉक' रचना आहे. ही रचना 1930 च्या दशकात आली. म्हणजे घड्याळ त्याआधीचं नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेली बारीक अक्षरं दिसली. दुरुस्ती करणारे कारागीर अशी तारीख आणि खूण करून ठेवतात. भिंगाखाली सगळ्यात जुनी वाचता आलेली नोंद '3-52' होती. ती मार्च 1952 ची धरली, तर घड्याळ त्यानंतरचं नाही.

हाती काय आलं? 1930 चं दशक ते 1952. घरातली 1945 ची गोष्ट या चौकटीत बसते. पण बसणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. व्हायवामध्ये हा फरक विसरलात तर पकडले जाल!

तबकडीचं काय?

तबकडी मला आधीपासूनच खटकत होती. घड्याळ सत्तर वर्षांहून जुनं आणि तबकडी खडूसारखी पांढरी! अक्षरं जाड, मिनिटांच्या रेघा तासांच्या आकड्यांशी जुळत नाहीत. जुनी तबकडी खरवडून नव्याने रंगवण्याचं काम मुंबईत वर्षानुवर्षं चालत आलंय.

इथे माझं विज्ञान कामी आलं. त्या काळी अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग लावत. रेडियम-226 चा अर्धायुकाल सुमारे 1600 वर्षं. चमक जाते ती त्यातलं झिंक सल्फाइड खराब होतं म्हणून. रेडियम तसंच राहतं. काकांनी काटे आणि तबकडी वेगळे करून दोन पिशव्यांत दिले. विभागातल्या गायगर काउंटरवर काट्यांनी ठळक किरणोत्सार दाखवला, तबकडीने काहीच नाही. तबकडी नंतर रंगवलेली, या अंदाजाला बळ मिळालं. अर्थात काटेच दुसऱ्या घड्याळाचे असण्याची शक्यता उरतेच. (हा प्रयोग घरी करू नका. जुना चमकता रंग खरवडायचा नाही, फुंकायचाही नाही. ती धूळ शरीरात गेली तर घातक.)

म्हणजे एका घड्याळाला एकच तारीख नसते. मशीन, झाकण, काटे, तबकडी, प्रत्येकाचा काळ वेगळा असू शकतो. नंतर भर पडलेल्या पोथीसारखंच.

किंमत

किंमत काढताना विक्रेते मागतात ते आकडे पाहू नका. त्याच मॉडेलचं, तशाच अवस्थेतलं घड्याळ खरोखर कितीला विकलं गेलं ते शोधा. संग्राहक मूळ तबकडीला जास्त पैसे देतात, रंगवलेलीला बरेच कमी. विकण्याआधी पॉलिश तर अजिबात करू नका. झाकणावरच्या खुणा त्यात झिजतात.

मामा आधी नाराज झाला. "आजोबा खोटं बोलायचे का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही मामा, त्यांचं खरं असू शकतं, पण ते सिद्ध करणारा कागद आपल्याकडे नाही.

शेवटी वर्णनात त्याने दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या. 'तपासलेलं : अंदाजे 1930 चं दशक ते 1952, तबकडी नंतर रंगवलेली, सैन्याची खूण नाही.' आणि त्याखाली, 'घरात सांगितलं जातं : आमचे आजोबा 1945 ला इटलीहून परतले तेव्हा हे त्यांच्या हातावर होतं.' अपेक्षेपेक्षा कमी पैसे आले. घेणाऱ्याने मात्र तो दुसरा परिच्छेद सही करून मागितला आणि मामाने तो स्वतःच्या हाताने लिहून दिला.